सगळं हिरवं दिसलं पाहिजे

सर्व्हर चालू असतो तोवर तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. बंद पडला की मात्र त्याच्यावर प्रत्येकाचा हक्क निघतो. तो कोणत्या खोलीत आहे हे ज्यांना ठाऊक नसतं, तेही 'आपला सर्व्हर' म्हणू लागतात आणि आमच्या टेबलापाशी गोळा होतात. प्रश्न एकच असतो, "किती वेळ लागेल?" या प्रश्नाला 'दहा मिनिटं' असं उत्तर द्यायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. खरं उत्तर ऐकण्याची कुणाचीच तयारी नसते आणि आमच्याकडेही ते नसतं.

सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर येण्यापूर्वी आमच्या कार्यालयात नजर नव्हती असं नाही. हिशेब खात्यातल्या बाई होत्या. बिलिंग अडकलं की पहिला फोन त्यांचा. फोनच्या पहिल्या शब्दांवरून बिघाड कितपत आहे ते कळायचं. "अहो, जरा बघता का" म्हणजे प्रकरण किरकोळ. "अहो, परत तेच झालंय" म्हणजे गंभीर. आणि "तुम्ही जागेवर आहात का?" असा मोजका, थंड प्रश्न आला की सर्व्हर आडवा झालेला असायचा. अचूकपणात या यंत्रणेला तोड नव्हती. उणीव एवढीच, की ती साडेदहाला सुरू व्हायची, जेवणाच्या सुट्टीत बंद राहायची आणि शनिवारी रात्री गेलेली डिस्क सोमवारी सकाळी जाहीर करायची.

मग एकदा साहेब एका मोठ्या कंपनीत जाऊन आले. तिथे भिंतीवर टीव्ही होता, टीव्हीवर चौकोन होते आणि सगळे चौकोन हिरवे होते. परत आल्या आल्या त्यांनी फर्मावलं, "आपल्याकडेही तसं पाहिजे. सगळं हिरवं दिसलं पाहिजे." सगळं नीट चाललं पाहिजे, असं ते म्हणाले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

ही हौस साहेबांपासून सुरू झाली असंही नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती आणि तिच्याबाहेर कॉफीचं एक यंत्र होतं. इमारतीतल्या इतर खोल्यांमधल्या संशोधकांनी पायपीट करून यावं आणि भांडं रिकामं असावं, असं वारंवार व्हायचं. साध्या माणसांनी जरा जास्त कॉफी करून ठेवली असती. पण ते संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1991 साली भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं 128 बाय 128 ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दाखवायची सोय केली. 1993 मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी बघू लागले. 22 ऑगस्ट 2001 रोजी कॅमेरा बंद झाला. त्या वेळी तिथे असलेलं कॉफीचं यंत्र 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने लिलावात 3,350 पौंडांना घेतलं. यंत्राची हालहवाल वेबच्या पानावर दाखवण्याच्या उद्योगाची ही कुळकथा. बोध तेव्हाच घ्यायला हवा होता. भांडं रिकामं असल्याचं सातासमुद्रापलीकडच्या माणसाला दिसत होतं, पण ते भरायला त्याच इमारतीतल्या कुणालातरी उठावं लागत होतं.

पुढे 1995 मध्ये टोबियास ओटिकरने एमआरटीजी नावाचं साधन आणलं. तो इंग्लंडात लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात कामाला होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी तिथली लाइन एकच, तीही 64 किलोबिटची. ती कितपत भरली आहे हे सगळ्यांनाच बघायचं होतं, म्हणून त्याने आत येणाऱ्या माहितीचा हिरवा आणि बाहेर जाणाऱ्या माहितीचा निळा आलेख वेबवर टांगला. आलेखाने लाइन रुंद होत नाही. पण आपल्याला जे मिळत नाही ते नेमकं किती मिळत नाही, हे कळल्याने माणसाला धीर येतो.

1999 साली ईथन गालस्टाडचं नेटसेंट हे देखरेखीचं साधन आलं, त्याचं नाव 2002 मध्ये बदलून नॅगिऑस झालं. त्यातही भाऊबंदकी झाली आणि 2009 मध्ये आयसिंगा वेगळं निघालं. तिकडे लॅटव्हियातल्या रिगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव एका बँकेत नोकरी करत होता. कामाची सोय म्हणून त्याने 1998 मध्ये एक साधन लिहायला घेतलं आणि 2001 साली ते लोकांसाठी खुलं केलं. तेच झॅबिक्स. आम्ही साहेबांपुढे नॅगिऑस, आयसिंगा आणि झॅबिक्स अशी तीन नावं ठेवली. साहेबांनी 'फुकट आहे का?' हा एकच निकष लावला आणि त्यात तिन्ही समसमान उतरली. निकाल लावला तो माउसने. मूळ नॅगिऑसचं वेब पान सगळं दाखवतं, पण नवीन यंत्र यादीत घालायचं तर सर्व्हरवर जाऊन मजकुराच्या फायली लिहाव्या लागतात. झॅबिक्समध्ये ते पानावरच क्लिक करून होतं. साहेबांना क्लिक करून बघायचं होतं. झॅबिक्स ठरलं.

बसवायचं काम आमच्या ज्युनियरकडे गेलं. या मंडळींची पिढी वेगळी. आम्ही अडलो की लॉग उघडतो, ते अडले की नवीन टॅब उघडतात. झॅबिक्समध्ये मुळात तीन गडी आहेत हे त्याला आधी सांगितलं होतं. पहिला सर्व्हर, तो सगळ्या यंत्रांकडून माहिती गोळा करतो. दुसरा डेटाबेस, तो ती साठवतो. तिसरं वेबचं पान, ते डेटाबेसात जे असेल ते रंगवून दाखवतं. तिघांचं एकमेकांशी बोलणं आहे, पण डेटाबेस असला की सर्व्हरवाचून पानाचं फारसं अडत नाही. पुढे सगळी गंमत झाली ती यातूनच.

डेटाबेस तयार केल्यावर त्यात सगळी टेबलं भरायची एक कमांड असते. ती देऊन एंटर दाबला की पुढे काहीच होत नाही. पट्टी सरकत नाही, टक्के वाढत नाहीत, कर्सर तेवढा लुकलुकत राहतो. ज्युनियर हवालदिल झाला.

"सर, अडकलंय का?"

"नाही. चाललंय."

"कशावरून?"

"काही बोलत नाही त्यावरून."

युनिक्सच्या घराण्याचा हा रिवाज आहे. काम नीट चाललं असेल तर मौन, बिघडलं तर बडबड. आमच्या कार्यालयात नेमकं उलट चालत असल्याने पोराचा विश्वास बसेना. त्याने कंट्रोल-सी दाबलं. अर्धी टेबलं तयार झाली होती, अर्धी नव्हती. पुन्हा तीच कमांड दिली तेव्हा डेटाबेस पहिल्याच टेबलावर अडून बसला, "हे तर आधीच आहे." मग सगळं पुसून नव्याने आरंभ. या खेपेला ज्युनियर एंटर दाबून सरळ चहाला गेला. सर्व्हर सांभाळण्याच्या कलेतला हा पहिला धडा, आणि तो कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही.

यानंतर ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की वेबच्या पानाची मांडणी करून देणारा विझार्ड उघडतो. 'पुढे' हे बटण दाबत गेलं की झालं, असा त्याचा लौकिक आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याच पानावर तो आपली झडती घेतो. एका रकान्यात तुमच्याकडे काय आहे, दुसऱ्यात काय हवं आणि तिसऱ्यात निकाल. पीएचपी ही भाषा मुळात 8 एमबीपर्यंतचा मजकूर घेते, याला 16 हवे. पीएचपी एका पानाला 30 सेकंद देते, याला 300 हवे. तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटं. एखाद्या पानाला एवढा वेळ लागू शकेल, हे त्याने आधीच सांगून टाकलं. आमच्या 'दहा मिनिटां'पेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

ज्युनियरने पीएचपीची फाइल उघडली, 30 चे 300 केले आणि पान ताजं केलं. आकडा 30 च. पुन्हा फाइल पाहिली, तिथे 300. आता हा फरक आहे तरी कुठे? तर डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या घरात पीएचपीच्या या फायली एकाच नावाच्या, पण निरनिराळ्या खणांत असतात. टर्मिनलसाठी एक, अपाची हा वेब सर्व्हर असेल तर त्याची दुसरी, एफपीएम असेल तर त्याची तिसरी. पोराने टर्मिनलची फाइल मन लावून दुरुस्त केली होती. योग्य फाइल सापडल्यावरही आकडा बदलेना, कारण रीस्टार्ट मारायचा राहिला होता. तो मारल्यावर सगळे निकाल हिरवे झाले आणि पोराच्या चेहऱ्यावर दहावी सुटल्याचा भाव आला.

पुढे एका पानावर घड्याळाचा प्रश्न आला. पूर्वीच्या आवृत्त्यांत ही वेळ एका फाइलीत लिहावी लागायची आणि नमुना म्हणून तिथे 'युरोप/रिगा' असं लिहिलेलं असायचं. कर्त्याचं गाव, दुसरं काय! आता यादीतून निवडायचं असतं. साहेब नेमके त्याच वेळी मागे येऊन उभे राहिले.

"मुंबई निवडा."

"साहेब, मुंबई नाही यादीत. एशिया/कोलकाता आहे."

"का नाही? एवढी आर्थिक राजधानी!"

साहेबांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. भारताची प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सांभाळली होती. मुंबईकर प्रमाणवेळेला एवढी वर्षं बधला नाही, हे ऐकून साहेबांचा अभिमान सुखावला आणि त्यांनी कोलकात्याला मंजुरी दिली. वेळ निवडायचं कुणी टाळलं तर काय होतं, तेही सांगून ठेवतो. आलेख ग्रिनिचच्या वेळेने धावतात, साडेपाच तास मागे. दुपारी चारला पडलेला सर्व्हर साडेदहाला पडलेला दिसतो आणि त्या वेळी हजेरीपटावर सही करत असलेल्या निरपराध माणसावर आळ येतो.

शेवटच्या पानावर सॉफ्टवेअर आपलं अभिनंदन करतं. हे अभिनंदन स्वीकारू नये. ते फक्त वेबचं पान बसल्याबद्दल असतं, पण वाचणाऱ्याला वाटतं सगळंच झालं. ज्युनियरने स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, साहेबांनी अंगठा दाखवला आणि हिशेब खात्यातल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे आता बिलिंग बंद पडणार नाही ना?" अख्ख्या कार्यालयात विचारण्याजोगा प्रश्न त्यांनी एकट्यांनी विचारला होता.

लॉगिनचं नाव 'अ‍ॅडमिन', त्यातलं पहिलं इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीतलं. पासवर्ड 'झॅबिक्स', सगळी अक्षरं लहान. हे जगात सगळ्यांना माहीत आहे, दुष्टांना तर तोंडपाठ. म्हणून तो पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. आम्ही बदलला. अठरा अक्षरांचा, आकडे आणि चिन्हं घालून, चांगला भक्कम. साहेबांनी तो मागून घेतला आणि विसरायला नको म्हणून कालनिर्णयच्या पानावर, कार्यालयाच्या चहासाठी येणाऱ्या दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला.

आत गेलो आणि पानाच्या तळाशी पट्टी दिसली. झॅबिक्सचा सर्व्हर चालू नाही, दाखवलेली माहिती ताजी नसू शकते, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. म्हणजे बघायचं पान उत्तम उघडलं होतं, बघणारा गायब होता. डेटाबेसचा पासवर्ड दोन जागी लिहावा लागतो. विझार्ड विचारतो ती एक जागा, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलीत ती दुसरी. दुसरी जागा कुणी विचारत नाही, ती आपणहून जाऊन भरायची. ज्युनियरने अर्थातच विचारलं तेवढंच भरलं होतं. शाळेपासून आपल्याला तेच शिकवलेलं आहे.

फाइल भरली, सर्व्हर सुरू झाला, तरी पट्टी हटेना. सर्व्हर जिवंत आहे आणि पान त्याला मृत म्हणतंय. हा घोळ एरवी रेड हॅट लिनक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर हमखास होतो आणि त्याचं मूळ एसई-लिनक्स नावाच्या पहारेकऱ्यात असतं. आमच्या यंत्रावरही हा पहारेकरी कुणीतरी आधीच बसवून ठेवला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, तो बनवला आणि 2000 साली जगाला मोफत दिला. वेबच्या पानाने परवानगीशिवाय कुणाशी बोलू नये, हे तो बघतो. एका कमांडने त्याला समजावता येतं, की बाबा रे, या दोघांना बोलू दे, घरचेच आहेत. पण ज्युनियरने ज्याला ज्याला फोन केला त्याने सल्ला दिला, "पहिलं ते एसई-लिनक्स बंद करून टाक!" एका महासत्तेच्या गुप्तहेर खात्याने लावलेली कडी दोन सेकंदांत काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे चहाच्या टपरीवर मिळतो. आम्ही कडी ठेवली, कमांड दिली आणि पट्टी गेली.

यानंतर एकेका यंत्रावर एजंट बसवायचा. हा एजंट 10050 क्रमांकाच्या दारावर बसतो आणि सर्व्हर विचारेल त्याला उत्तर देतो. पण बसवल्या बसवल्या तो फक्त स्वतःच्या यंत्रावरच्याच सर्व्हरला ओळखतो. बाहेरून कुणी विचारलं तर दार लावून घेतो. त्याच्या फाइलीत सर्व्हरचा पत्ता घातला, फायरवॉलमध्ये वाट करून दिली, की यादीत त्या यंत्रापुढे असलेली राखाडी रंगाची इंग्रजी अक्षरं हिरवी होतात. यादीतलं पहिलं यंत्र खुद्द झॅबिक्सचंच असतं, ते आयतंच मिळतं. झॅबिक्सचा सर्व्हर स्वतःवरही नजर ठेवतो. तो पडला तर कळवणार कोण, हा प्रश्न त्या आनंदात कुणाला सुचत नाही.

टीव्ही लागला. आणि पहिले काही आठवडे कार्यालयाला नवं करमणुकीचं साधन मिळालं. आलेख यंत्रांचे होते, पण त्यांत माणसं दिसू लागली. पावणेअकराला सगळ्या रेषा उसळी घेत, म्हणजे साडेदहाच्या हजेरीचं सत्य पंधरा मिनिटं उशिरा बाहेर पडायचं. भारताची मॅच असेल त्या दुपारी बिलिंगच्या सर्व्हरवर शुकशुकाट आणि इंटरनेटची लाइन काठोकाठ. विकेट पडली की लाइन आणखी भरायची, कारण बाहेर उभे असलेलेही आत येऊन बघायचे. सर्व्हर रूमच्या तापमानाच्या आलेखाला रोज दुपारी एक वाजता एक टेंगूळ यायचं. आम्ही पंख्यांवर संशय घेतला, एसीवाल्याला बोलावलं. मग उमगलं, की कार्यालयात सगळ्यात थंड खोली तीच, म्हणून निम्म्या कर्मचाऱ्यांच्या ताकाच्या बाटल्या रॅकच्या मागे ठेवलेल्या असत आणि एकला दार उघडं टाकून मंडळी त्या न्यायला येत. सर्व्हरच्या किमतीपेक्षा ताकाचं तापमान अधिक जणांना ठाऊक होतं.

झॅबिक्समध्ये बिघाडाच्या सहा पायऱ्या आहेत. 'वर्गवारी नाही' पासून सुरुवात, मग माहिती, इशारा, मध्यम, गंभीर आणि शेवटी 'डिझास्टर'. साहेबांना मधल्या पायऱ्या मान्य नव्हत्या. त्यांचं यंत्र असेल तर डिझास्टर, बाकीच्यांचं असेल तर माहिती. शिवाय सगळे इशारे मोबाइलवर यावेत अशी आज्ञा झाली. रात्री दोनला बॅकअप सुरू होतो, प्रोसेसरवर ताण येतो, इशारा येतो. बॅकअप संपला की ताण उतरतो आणि 'आता ठीक आहे' असाही संदेश येतो. म्हणजे एकाच दुखण्यासाठी झोपमोड दोनदा. तिसऱ्या-चौथ्या रात्री घरातून विचारणा झाली, "काय, बरा झाला का तो?" लवकरच जो तो रात्री फोन मूक करून झोपू लागला आणि आमच्या आधुनिक यंत्रणेची वेळ पुन्हा साडेदहा ते सहा झाली.

इशारा आला की त्यावर 'पाहिलं' अशी नोंद करायचीही सोय आहे. सरकारी फाइलीवर 'पाहिले' असा शेरा मारून ती पुढच्या टेबलावर सरकवावी, तशी ही नोंद आमच्याकडे वापरात आली. शेरा पडला की प्रकरण आपल्या अंगावर नाही. एका डिस्कवर असे चार शेरे पडले होते. डिस्क चौघांनी पाहिली होती आणि ती भरतच होती.

ही डिस्क म्हणजे आमच्या कार्यालयाची खरी कुंडली. डिस्क 80 टक्के भरली की झॅबिक्स पिवळा इशारा देतं, 90 ला तो चढतो. आमची डिस्क 80 च्या पुढे होती. आत काय होतं? 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरी' अशा फायली, नोकरी सोडून गेलेल्यांचे फोल्डर आणि कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचा संपूर्ण व्हिडिओ, हळदीपासून पाठवणीपर्यंत. पुसायला कुणीच तयार नव्हतं, कारण पुसलेलंच नेमकं दुसऱ्या दिवशी लागतं हा अनुभव. अशात एक मोठा ग्राहक कार्यालय बघायला येणार होता. साहेब टीव्हीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हे पिवळं काढा."

काढायचे दोन मार्ग होते. एक, डिस्क रिकामी करायची. त्याला बैठक, दहा जणांची संमती आणि लग्नाच्या व्हिडिओच्या मालकाचा शोध लागणार होता. दुसरा, झॅबिक्सच्या पानावर जाऊन 80 चा आकडा 90 करायचा. त्याला एक क्लिक. ज्युनियरने 90 केला. पान हिरवं झालं. ग्राहक टीव्ही बघून खूश झाला आणि "आमच्याकडेही असं पाहिजे" म्हणून गेला. म्हणजे आता त्याच्याही कार्यालयात कुणीतरी कंट्रोल-सी दाबत असणार. पुढे पिवळा पुन्हा आला तेव्हा 90 चे 95 झाले, 95 चे 98. प्रत्येक खेपेला टीव्ही हिरवा आणि डिस्क जिथल्या तिथे, नव्हे, आणखी पुढे.

झॅबिक्सचा डेटाबेस त्याच डिस्कवर होता. फुकटात झालेल्या कामाला वेगळी डिस्क कोण देतो? आणि मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची तर तीही जागा खाते. एके दिवशी सकाळी डिस्क तुडुंब भरली. बिलिंगला लिहायला जागा उरली नाही, झॅबिक्सलाही नाही. वेबच्या पानाने शेवटचं जे चित्र काढलं होतं ते टीव्हीवर तसंच राहिलं, संपूर्ण हिरवं. त्याखाली साहेब चहा पीत बसले होते. माझा फोन वाजला.

"तुम्ही जागेवर आहात का?"

त्या दिवशी लग्नाचा व्हिडिओ कुणालाही न विचारता पुसला गेला. त्याचा मालक आजवर पुढे आलेला नाही.

तेव्हा आपल्याकडे असं काही बसवत असाल तर जरूर बसवा, ते उपयोगाचं आहे. घड्याळात आपलीच वेळ घाला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि कालनिर्णयवर फक्त दूध लिहा. देखरेखीचा डेटाबेस ज्या डिस्कवर देखरेख करायची तिच्यावर ठेवू नका. टीव्हीवरचं चित्र ताजं आहे ना, हे अधूनमधून बघत जा. ते थांबलेलं दिसलं तर हिरव्या चौकोनांवर विश्वास ठेवू नका. झॅबिक्स जिवंत आहे की नाही हे बघायला दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या जागी, छोटासा पहारा ठेवा. जो इशारा वाचून कुणी उठणार नाही तो पाठवूच नका. आणि मर्यादेचा आकडा बदलायचा अधिकार कुणालाही द्या, साहेबांना देऊ नका.

सगळ्यात शेवटची गोष्ट कुठल्याही विझार्डमध्ये नाही, पण तिच्याइतकी गुणकारी दुसरी नाही. प्रत्येक चौकोनाच्या खाली तो दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. आम्ही लिहिलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे 'पाहिलं' असा शेरा कुणी मारलेला नाही.